काशीला निघालेला जावई

आमच्या अप्पांना देव जावई म्हणून चालतो, माणूस चालत नाही. हे मी त्यांना तोंडावर सुनावलं, तेव्हापासून आम्ही बापलेक फक्त कॉफीपुरतं बोलत होतो. आणि नेमकं अशातच देवाचं लग्न आलं!

चेन्नईतल्या पेरुंगुडीच्या जुन्या गावात, ऑफिसांच्या काचेच्या इमारतींमागे आमचं शंकराचं लहानसं देऊळ आहे. त्याची कथा अशी: गावच्या पाटलाला रानात एक तान्ही मुलगी सापडली. त्याने ती पोटच्या लेकीसारखी वाढवली आणि ती भाळली कुणावर, तर अंगाला राख फासलेल्या एका भटक्या जोग्यावर. "आज इथे, उद्या कुठे! याला मुलगी देऊ?" पाटलाने साफ नकार दिला. जोगी निमूट काशीच्या वाटेला लागला. इकडे मुलीने अन्नपाणी सोडलं. शेवटी पाटील भर उन्हात छत्री घेऊन धावला, जोग्याच्या डोक्यावर ती धरली आणि म्हणाला, "फिरा मागे. मुलीची पसंती तीच माझी." जोगी म्हणजे शंकर आणि मुलगी म्हणजे अंबा, हे त्याला लग्न लागताना कळलं.

पंगुनी या तमिळ महिन्यात, मार्च-एप्रिलात, हे सगळं दर वर्षी पुन्हा घडतं. देवाची पालखी देवळाभोवती फेरी घालून काशीला निघते आणि मुलीचा बाप छत्री घेऊन मागे पळतो. पालखी महाद्वाराबाहेर पडायच्या आत छत्री पोचली नाही, तर त्या वर्षी लग्नच नाही. पाटलाच्या वंशात कुणी उरलं नाही, म्हणून बापाचा मान आमच्या तंजावरकडच्या मराठी घराकडे आला. माझे अप्पा, राममूर्ती, निवृत्त मास्तर. दर वर्षी धावतात आणि पाटलाचं ते वाक्य म्हणताना दर वर्षी रडतात.

आणि याच अप्पांनी माझ्या अमोघला नाही म्हटलं! अमोघ जळगावचा, माझ्याच ऑफिसात आहे, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. "आज पेरुंगुडी, उद्यां बंगलोर, मग अमेरिका. तुला घेऊन जाईल तो," एवढंच अप्पा बोलले. मी घर डोक्यावर घेतलं, पण ते काही हलले नाहीत.

यंदा पालखी उचलायला ऑफिसांतली पोरं आली होती. पुढच्या दांडीला कोण असावं? अमोघ! मला पत्ता लागू दिला नव्हता पठ्ठ्याने. अनवाणी, वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, कशीबशी गुंडाळलेली, कपाळभर भस्म. मला हसू आवरेना.

तविलचा ढोल कडाडला, नादस्वरमची सनई चढली आणि देव निघाले. पालखी सुसाट, मागे छत्री उघडून अप्पा. गुडघा दुखतोय हे त्यांनी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं, ते पहिल्याच वळणावर उघडं पडलं. अमोघने वळून पाहिलं आणि पाऊल आवरलं. आमची रीत त्या बिचाऱ्याला काय ठाऊक!

"थांबूं नको रे!" अप्पा गरजले. "बापाची दया येऊन देव थांबत नाहींत! चाल!"

अमोघ चेहरा लाल करून पुढे सुटला. पुढच्या वळणावर अप्पा मटकन खाली बसले. छत्री घरंगळत गेली. मी निऱ्या मुठीत धरल्या, छत्री उचलली आणि धूम ठोकली. "ओडु! ओडु!" पळ, पळ म्हणून अख्खं देऊळ ओरडत होतं. अमोघचा पाय महाद्वाराच्या उंबऱ्यावर पडायला आणि माझी छत्री देवावर यायला एकच गाठ पडली. पालखी थांबली.

"बापाच्या जागीं आहेस, अम्मा. वाक्य म्हण," पुजारी म्हणाले.

म्हणणार होते मी, खरंच. पण माझं डोकंच फिरलं.

"मी नाही म्हणणार! अप्पा, तुम्ही या. तुम्ही म्हणा!"

तविल बंद पडला. पुजाऱ्यांनी कपाळाला हात लावला. अप्पा लंगडत, कुणाच्या तरी खांद्याला धरून आले.

"देवळांत हट्ट करतीस, रंजनी?"

"या देवाला दर वर्षी म्हणता ना? याचा तरी पत्ता कुठे कायमचा आहे?"

लोक हसले. अप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातून छत्री घेतली. मला वाटलं, आता देवाकडे बघून वाक्य उरकतील आणि वळून जातील, मग माझं सगळं संपलं.

त्यांनी छत्री देवावर धरली. "फिरा मागें. मुलीची पसंती तीच माझी." आवाज नेहमीसारखाच फुटला. शंख वाजले, बायकांनी एकच कल्ला केला. मी तशीच उभी.

अप्पा जागचे हलले नाहीत. घामाने भिजलेल्या अमोघच्या दंडाला त्यांनी बोट टोचलं. "आणि तूं. तुझे आईबाप चेन्नईस कधीं येतील? तिकीट लौकर काढ म्हणावं, मे महिन्यांत मिळत नाहीं."

अमोघ आ वासून बघत राहिला आणि पालखी कलली.

"आधीं देव सांभाळ!" अप्पा ओरडले. मग त्याच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू येईल असं म्हणाले, "इला अमेरिकेस नेलंस, तर तेथेंही छत्री घेऊन मागें धांवेन मी. गुडघा असो नसो."

"या काका," अमोघ म्हणाला. मी तिथेच सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडले.