मोंबासाहून आलेली तीन पत्रं

सासष्ट साली अंजना मॅट्रिक झाली तेव्हा तिच्या आईनं, सरूबाईनं, वरव्याच्या बौद्धवाड्यात घरोघर गुळाचा खडा दिला. पण पुण्याच्या कॉलेजात जायचं तर सरकारी स्कॉलरशिप हवी होती. ती मिळाली नाही, तर पोर आईच्या जोडीनं दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणार हे ठरलेलं.

अर्जात वडिलांच्या उत्पन्नाचा रकाना होता आणि खाली त्यांची सही. वडील, गेनू, सात वर्षांपूर्वी मुंबईच्या गोदीतून आफ्रिकेच्या बोटीवर चढले होते. मोंबासाहून तीन पत्रं आली, मग काहीच नाही.

"सही आणा, नाहीतर मयत असल्याचा दाखला लावा," तलाठी म्हणाला.

"सही कशी आणू, भाऊसाहेब? पोहत जाऊ?" सरूबाई म्हणाली.

मुदत शनिवारी संपत होती. शुक्रवारी ती चुलतदीर चिमाजीला आणि आणखी एकाला पंच म्हणून घेऊन गेली. तलाठ्यानं विचारलं, "कोणत्या तारखेला वारला?"

चिमाजी कानाशी पुटपुटला, "वहिनी, कायबी सांगा."

कायबी सांगणं तिला जमेना. नवऱ्याची एकच तारीख तिला पाठ होती, तो मुंबईला जायला एसटीत बसला ती. तिनं तीच सांगितली.

घरी अंजनानं दाखला वाचला.

"आये, ही तर आबा घरातनं गेल्याची तारीख. पत्रं त्याच्या मागनं आल्यात."

"मग?"

"मेलेल्या मानसानं धाडली व्हय?"

सरूबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "मला दुसरी तारीख येत न्हाई."

कुंकू तिनं पुसलं नाही. वाड्यातल्या बाया बोलायला लागल्या तर म्हणे, "कागुद पोरीसाठी हाय. कपाळ माजं हाय."

स्कॉलरशिप मंजूर झाली. अंजना वसतिगृहात राहिली. पत्रं तिनं बरोबर नेली होती. 'पोरीला शाळंतून काढू नका,' असं दुसऱ्या पत्रात होतं. दरवर्षी अर्ज नवा करावा लागे, दरवर्षी तोच दाखला जोडावा लागे. तो जोडताना त्या ओळीतला आबांचा आवाज तिला पाठीमागून ऐकू यायचा, अगदी खोकल्यासकट. लहानपणी आबा यावेत म्हणून ती रस्त्याकडे बघत बसायची. आता येऊ नयेत म्हणून बघायची, आणि मग जेवण जायचं नाही.

तिसऱ्या वर्षी, नवा अर्ज ऑफिसात पडलेला असताना, ती गावी निघाली. भर दुपारी स्वारगेटला भोरच्या गाडीला रांग होती. तिच्या पुढं पत्र्याची ट्रंक घेतलेला एक पाठमोरा माणूस होता, काळवंडलेल्या मानेचा. तो खोकला आणि कंडक्टरला म्हणाला, "वरव्याला थांबती का, बाबा?"

अंजनाच्या ओठांवर हाक आली. एक शब्द, आणि दाखला खोटा. कॉलेज तिथंच संपलं असतं. ती रांगेतून बाहेर पडली. गाडी सुटेपर्यंत खांबाआड भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. त्याचं तोंड तिनं पाहिलंच नाही.

परीक्षा झाल्यावर ती घरी गेली. पिशवी खाली ठेवायच्या आधी विचारलं, "कुनी आलं व्हतं का, आये?"

"कोन येनार?" सरूबाई तिच्याकडे बघत राहिली. "का गं? तुला दिसलं का कोन?"

"न्हाई," अंजना म्हणाली.

सरूबाईनं पुन्हा विचारलं नाही. पुण्याला परतताना अंजना एसटी सोडून दुधाच्या टेम्पोत बसली आणि स्वारगेटच्या अलीकडेच उतरली.