पहिला धडा उतरण्याचा

एकतिसाव्या वर्षी श्यामला सरनाईक सायकल शिकली. तिला सायकलची हौस होती असं कुणी समजू नये. बाहत्तर सालच्या जूनमध्ये तिला गडमुडशिंगीच्या वाटेवरच्या एका वस्तीशाळेत शिक्षिकेची नोकरी लागली, तीही एका वर्षाची, तात्पुरती. वर्ष नीट गेलं तर कायम होणार होती. शाळा साडेदहाला भरायची आणि मंगळवार पेठेतून सोयीची म्हणावी अशी बस तिथं पोचायची अकराला. तिच्या आधीची बस सकाळी साडेसातला निघायची. त्या बसनं जायचं तर घरातल्या पाच माणसांचं जेवण कोण करणार, हा प्रश्न घरात प्रत्येकानं एकदा विचारला आणि उत्तराची वाट न बघता प्रत्येकजण आपल्या कामाला लागला.

"सायकल शीक की," नवरा म्हणाला. सयाजी कचेरीत कारकून होता. माणूस वाईट नव्हता, पण घरात कुणाशी वाकडं बोलायची वेळ आली की त्याला नेमकं कुठंतरी जायचं असायचं.

सायकल म्हटलं की तात्यांना विचारणं आलं. हंबीरराव सरनाईक, म्हणजे तात्या, हे सयाजीचे धाकटे चुलते. सयाजीचे वडील गेल्यापासून घरातलं शेवटचं बोलणं त्यांचं. संस्थानाच्या वेळी ते पागेत होते. संस्थान गेलं, घोडे गेले, पण तात्यांच्या आवाजातली पागा गेली नव्हती.

"शीक," तात्या म्हणाले. "आमची ना न्हाय. पण घराची रीत पाळायची."

रीत अशी होती. सरनाईकांची सून टांग्यातून चालली आणि वाटेत सासरचा वडीलधारा पुरुष दिसला, तर तिनं टांगा थांबवून खाली उतरायचं. डोक्यावर पदर घेऊन कडेला उभं राहायचं. त्यानं हात हलवून "जा" म्हटलं, की मगच पुन्हा चढायचं.

"टांगा गेला आणि सायकल आली म्हणून रीत बदलत न्हाय. माणूस दिसलं की उतरायचं. कबूल?"

श्यामलानं तोंड उघडायच्या आत सयाजी म्हणाला, "कबूल की, तात्या."

कबूल त्यानं केलं आणि उतरायचं तिनं. त्या दिवशी तिला राग आला तो साधाच होता. चुलीवरचं दूध उतू जायच्या बेतात होतं, त्यात तो विसरला.

यल्लाप्पाचं भाड्याच्या सायकलींचं दुकान होतं आणि त्याच्याकडं एकच लेडीज सायकल होती, मागच्या चाकाला लुगडं अडकू नये म्हणून जाळी बांधलेली. ती त्यानं महिन्याच्या बोलीवर दिली आणि शिकवायचंही कबूल केलं. पहाटे सहाला गांधी मैदानावर ती गेली, तर हा कॅरियर धरून उभा.

"वैनी, तात्यांचा निरोप हाय. आधी उतरायला शिकवायचं. पागेत म्हणं घोड्यावर बी असंच शिकिवत्यात."

"आणि चढायचं?"

"ते हुईल की मागनं."

मग आठ दिवस रोज तेच. मैदानाच्या कडेच्या दगडी पायरीवर पाय टेकून तिनं सीटवर बसायचं, यल्लाप्पानं ढकलायचं, वीस पावलं झाली की त्यानं मागून ओरडायचं, "उतरा!" की तिनं ब्रेक दाबून डावा पाय खाली टाकायचा. "उतरा!" "उतरा!" मैदानावर जोर काढायला आलेली तालमीतली पोरं हसायची. आठवड्यात ती अशी उतरायला लागली की यल्लाप्पाच म्हणाला, "तात्यांच्या घोड्यास्नी बी जमलं न्हाय असं!" सायकल सरळ चालवायला ती शिकली. चढायचं मात्र अजून पायरीवरूनच, आणि तेवढ्यात शाळा सुरू झाली.

रस्त्यावर पहिल्याच दिवशी तिला कळलं, आपल्याला काय शिकवलंय ते. शिरोलीच्या ओतकामाच्या फौंड्र्यांना वाळू नेणारा ट्रक मागून आला, त्यानं हॉर्न दिला, आणि तिच्या अंगाला तो हॉर्न ऐकूच आला नाही, ऐकू आलं, "उतरा!" डोकं काही ठरवायच्या आत पाय खाली. ट्रक अंगावर चिखल उडवून गेला. ती कडेला उभी. आता परत बसायचं तर दगड पाहिजे. सायकल ढकलत निघाली तो मैलाचा दगड येईपर्यंत. बसली. पाव मैल गेली नाही तो पुढचा ट्रक.

पाच मैलांच्या वाटेवर पाय टेकायला जागा कुठं कुठं आहेत ते तिला चार दिवसांत पाठ झालं. एक मोरीचा कठडा, दोन मैलाचे दगड, उचगावात एका घराचा ओटा. त्या ओट्यावर आक्काताई नावाची म्हातारी शेंगा फोडत बसलेली असायची.

"बाई, ती सायकल तुमास्नी घिऊन जाते का तुमी तिला?" ती रोज विचारायची. "आज कोण दमलंय? ती का तुमी?"

उशिराची पहिली तांबडी खूण दुसऱ्याच आठवड्यात पडली. त्या दिवशी ती सहा वेळा उतरली होती. हेडमास्तर अण्णासो चौगुले हजेरीपुस्तकासमोर तांबडी दौत ठेवून बसायचे. माणूस सरळ होता, नियमाच्या बाहेर ना कुणाला बोलायचा, ना कुणाला सोडायचा.

"बाई, तीन खुणा झाल्या की मला वर कळवावं लागतं. आणि तात्पुरत्या माणसाचं वर कळवलं की काय होतं ते तुमास्नी म्हाईत हाय."

तिला माहीत होतं. तिच्या आधीच्या बाईंची खुर्ची अशीच रिकामी झाली होती.

दुसरी खूण ऑगस्टात पडली, आणि त्या दिवशी वाटेत एकही ट्रक नव्हता.

तालमीच्या कोपऱ्यावर कट्टा होता आणि कट्ट्यावर तात्या वर्तमानपत्र घेऊन बसायचे. रोज ती तिथं उतरायची, पदर घ्यायची, तात्या हात हलवायचे, आणि ती कट्ट्याच्याच दगडावर पाय टेकून चढायची. मिनिटभराचं काम. त्या दिवशी तात्यांकडं कागलहून दोन पाव्हणे आले होते.

"ही आमची सून," तात्या म्हणाले. "शाळेत शिकवती. सायकल चालवती. पण रीत सोडली न्हाय, बघा! उतरली का न्हाई?"

"व्हय की. घराणं हाय म्हणायचं."

"न्हाईतर आजकालच्या पोरी!" आणि तात्यांनी आजकालच्या पोरींची गोष्ट काढली. मग पागेतल्या एका अबलख घोडीची. ती घोडी कशी नुसत्या नजरेनं थांबायची ते हातवारे करून सांगितलं. श्यामला हँडल धरून उभी. समोरच्या पानवाल्याच्या भिंतीवर घड्याळ होतं. काटा सरकत होता आणि तिच्या पदराखाली कानशिलं तापत चालली होती. बारा मिनिटं. बारा मिनिटांनी घोडी मेली आणि तात्यांचा हात हलला.

शाळेत पोचली तेव्हा प्रार्थना होऊन गेली होती. अण्णासोंनी तांबड्या दौतीचं झाकण काढलं.

त्या संध्याकाळी तिनं सयाजीला गाठलं. "तात्यांना सांगा. उद्यापासून मी कोपऱ्यावर उतरणार नाही."

"अगं, वडील माणूस हाय. दोन मिनिटं उतरलं तर काय झिजतंय?"

"बारा मिनिटं. घोडीशेजारची घोडी करून उभी केली मला, पाव्हण्यांना दाखवायला."

"मग जरा आधी निघत जा," सयाजी म्हणाला आणि चपला घालू लागला.

भाकऱ्या थापताना परातीचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला. सासूबाई, म्हणजे माई, चुलीशेजारी लसूण सोलत होत्या. त्यांनी एकदा परातीकडं बघितलं, एकदा सुनेच्या हाताकडं, आणि म्हणाल्या, "पीठ फाटंल." एवढंच.

रविवारी ती पुन्हा गांधी मैदानावर गेली. "यल्लाप्पा, चढायला शिकवा. दगडाशिवाय."

यल्लाप्पानं डोकं खाजवलं. "पर तात्या म्हणलेले की..."

"सायकलवर तात्या बसणार हायत का मी?"

तिच्या तोंडून एवढा चढा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. मुकाट्यानं त्यानं दाखवलं. डावा पाय पायडलवर, दोनदा उजव्यानं ढकलायचं, चाक फिरलं की उचलून बसायचं. ती अकरा वेळा पडली. दोन्ही गुडघे सोलले, कोपर सोललं, चार बांगड्या फुटल्या. प्रत्येक वेळी उठताना ती कुणाला तरी पुटपुटत काहीतरी म्हणत होती. यल्लाप्पानं ते ऐकलं नाही असं दाखवलं. बाराव्यांदा ती बसली आणि मैदानाला फेरी मारून आली. पण मैदानावर ट्रक नसतात.

त्यानंतरच्या गुरुवारी तात्या कट्ट्यावर नव्हते. तिला हलकं वाटलं. ट्रकांना दोनदा उतरली, दोन्ही वेळा दगड न शोधता चढली. उचगाव मागं पडलं. पुढं ओढ्यावर एक अरुंद मोरी होती, दोन्ही अंगाला गुडघाभर कठडा, गाडी एकच जाईल एवढी. ती मोरीवर चढली आणि पलीकडच्या तोंडाला एक बैलगाडी येऊन थांबलेली दिसली. कृष्णात, तात्यांच्या रानात राबणारा, बैलांचे कासरे ओढून धरत होता आणि त्याच्यामागं वैरणीवर तात्या.

त्याच क्षणी मागून हॉर्न वाजला. ट्रक मोरीवर आला होता.

तिचा डावा पाय पायडलवरून निघाला. आपोआप निघाला. शेजारी कठडा, सायकल घेऊन बाजूला उभं राहायला वीतभर जागा नाही, मागं वाळूचा भरलेला ट्रक. आणि समोर तात्यांनी हात वर केला. रोज "जा" म्हणून हलायचा तो हात पंजा पसरून उभा राहिला. थांब. उतर.

श्यामलाला आता आला तो राग साधा नव्हता. इथं? या मोरीवर? मी ट्रकखाली गेले तरी चालेल, पण यांच्यासमोर सीटवर दिसता कामा नये?

पाय परत पायडलवर गेला. तिनं जोर लावला.

"सूनबाई! उतर! उतर म्हणतो न्हवं!"

"न्हाय!" ती ओरडली. सगळा ओढा ऐकेल एवढ्यानं.

बैल बिचकले, कृष्णातानं कासरा गच्च धरला, आणि ती बैलगाडीच्या चाकाला घासून घंटी वाजवत पुढं निघून गेली. डोक्यावर पदर नव्हता, तो कमरेला खोचलेला होता.

शाळेत पोरं नुकती ओळीत उभी राहत होती. दहा पंचवीस. सही करताना तिनं टाक कागदात रुतवला.

"काय झालं, बाई?" अण्णासोंनी विचारलं. "वाटंत कोण कायबाय बोललं व्हय?"

"न्हाई. मीच बोलले."

दिवेलागणीला तात्या घरी आले. बसले नाहीत. "कृष्णातासमोर 'न्हाय' म्हणली मला. माझ्या गड्यासमोर!"

सयाजीनं बायकोकडं बघितलं. "श्यामल, पाया पड आणि मोकळी हो."

"पाया पडते," ती म्हणाली. "वडील हायत. पण सायकलवरनं उतरणार न्हाई. कोपऱ्यावर न्हाई, वाटेत न्हाई. मागं ट्रक होता, तात्या, तुम्हाला दिसत होता."

ती वाकली. तात्यांनी पाय मागं घेतले.

"वैनी, ऐकताय न्हवं सुनेचं?"

माई उंबऱ्यात उभ्या होत्या. नात्यानं त्या तात्यांच्या वडील भावजय, पण तात्यांसमोर त्या कधी लांबलचक बोलल्याचं श्यामलाला आठवत नव्हतं.

"ऐकते की. भावजी, हा सयाजी सात महिन्यांचा पोटात होता तेव्हा पापाच्या तिकटीच्या चौकात मला टांग्यातनं उतरवलं होतं मामंजींनी. पायरीवरनं पाय सरकला. चिखलात पडले. तुम्ही शेजारी घोडा धरून उभे होता."

"मग? मी काय केलं?"

"काही नाही केलंत. तेच सांगते."

तात्यांनी खुंटीवरची टोपी काढली, घातली, परत काढली. "उद्यापासनं त्या कोपऱ्यावरनं जायचं न्हाय," ते शेवटी म्हणाले. "मागच्या बोळातनं जा. माझ्या नजरंला पडू नकोस, म्हणजे झालं."

"मागच्या बोळात गटार उघडं हाय," श्यामला म्हणाली. "मी कोपऱ्यावरनंच जाणार."

आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चौघेजण होते. ती वळणावर येताच एकजण म्हणाला, "तात्या, सूनबाई आल्या बघा."

"दिसतंय मला," तात्या म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. उलटं धरलं होतं की सुलटं, ते बघायला ती थांबली नाही.

उचगावात शिरताना मागून हॉर्न वाजला. पाऊल वळवळायचं ते वळवळलंच. तिनं हँडल वीतभर कडेला घेतलं, तेवढंच. ट्रक पाठीला चिकटून हॉर्न देत राहिला. तेव्हा तिनं मान वळवून, आजवर तोंडातून कधी काढलं नव्हतं असं काढलं.

"मुडद्या, आंधळा हायस व्हय रं? रस्ता काय तुझ्या बापाचा हाय? जा की बाजूनं!"

ओट्यावर आक्काताईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ट्रकनं रस्त्याच्या पार त्या कडेला जाऊन वळसा घेतला. क्लीनरनं खिडकीतून डोकं बाहेर काढून हात जोडले. "चुकलं आक्का, चुकलं!"

"चुकलं म्हणं!" श्यामला एकटीच बडबडली. अजून तिचा राग उतरला नव्हता, आणि पुढं चढ होता. ती सीटवरून उठून पायडलवर उभी राहिली.