साळिंदरांसाठी पाण्यात ठेवलेला गणपती

आमचा गणपती अमेरिकन फुटबॉलसाठी पाण्यात बसला होता, हे मी इथल्या मराठी मंडळात अजून कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी दहा वर्षं माझी टर उडवली असती. त्यांच्या जागी मी असतो तर मीही उडवली असती.

डिसेंबरातला पहिला रविवार होता. अमेरिकेत अजून शनिवारची संध्याकाळ होती, इथे मस्कतच्या माबेलात पहाटेचे चार. मी मांडीवर लॅपटॉप घेऊन सोफ्यावर बसलो होतो. माझी बायको उत्तरा अंघोळ करून आली, देव्हाऱ्यातला पितळी गणपती उचलला, स्टीलच्या पातेल्यात ठेवला आणि तो बुडेपर्यंत पाणी ओतलं. मागणं पुरं होईपर्यंत देव पाण्यात. तिच्या माहेरी डोंबिवलीला दहावीच्या निकालापासून वडिलांच्या बायपासपर्यंत सगळ्यावर हाच इलाज होता.

"अगं, त्याला ही मॅच कळेल तरी का?" मी म्हणालो. "मला अजून कळत नाही."

"तुम्हाला कळून काय उपयोग? जिंकवायचं त्याने आहे."

ही मॅच ज्या अमेरिकन कॉलेजाची होती, तिथे आमची एकुलती एक मुलगी देविका शिकत होती आणि पोहत होती. बॅकस्ट्रोक, दोनशे मीटर. पोहण्याच्या शिष्यवृत्तीवरच ती तिथे गेली. एरवी चंद्रहास सुर्वे, एसी सुपरवायझर, बौशरमधल्या एका मॉलच्या गच्चीवर चिलर सांभाळणारा माणूस, याची मुलगी अमेरिकेत शिकली असती हे माझ्या चिपळूणच्या भावालासुद्धा खरं वाटलं नसतं. फुटबॉलशी तिचा काडीचा संबंध नाही. पण तिच्या कोचने पालकांच्या ऑनलाइन सभेत सांगितलं होतं की सगळ्या खेळांचा खर्च फुटबॉलच्या पैशातून निघतो, आणि या शनिवारी आपण जिंकलो तर पहिल्यांदाच बारा संघांच्या प्लेऑफमध्ये जाऊ. तिथे टीव्हीचा पैसा आहे. तो सगळ्यांपर्यंत पोचेल, पोहणाऱ्यांपर्यंतसुद्धा. म्हणून आम्ही जागे होतो.

संघाचं नाव पॉर्क्युपाइन्स, म्हणजे साळिंदर. साडेसातला साळिंदर जिंकले. शेवटच्या मिनिटाला एका किडकिडीत पोराने लाथेने चेंडू दोन खांबांमधून घातला, आणि मी असा ओरडलो की वरच्या मजल्यावरच्या अमीरुन्निसाबाई चौकशीला खाली आल्या. उत्तराने गणपती पुसून जागेवर ठेवला, साजूक तुपातला शिरा केला. इथे रविवारी काम असतं; मी ड्यूटीवर पाऊण तास उशिरा पोचलो आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

प्लेऑफच्या पहिल्याच सामन्यात साळिंदर आडवे झाले, तेही वाईट मार खाऊन. पण तोवर त्यांचं नाव झालं होतं. जानेवारीत बातमी आली की कॉलेजला मोठ्या कॉन्फरन्सचं आमंत्रण आलंय.

कॉन्फरन्स म्हणजे तिकडे टाय लावून बसायची जागा नव्हे. कॉलेजांचा गट. त्या गटातली कॉलेजं एकमेकांशी खेळतात आणि टीव्हीवाले पूर्ण गटाला मिळून पैसे देतात. गट जितका मोठा, तितका पैसा मोठा. म्हणून हल्ली जो तो आपला जुना गट सोडून मोठ्याच्या दारात उभा. शंभर वर्षांचे शेजारी सोडायचे आणि तीन हजार मैलांवरच्या कोणाशी तरी सोयरीक करायची.

मला हे पटकन समजलं, कारण माझं आयुष्य याच पद्धतीने सुधारलं होतं. मी आलो तेव्हा आमची कंपनी म्हणजे एक गॅरेज आणि एक पिकअप. मग ती एका मोठ्या ग्रुपने घेतली. मला पगारवाढ मिळाली, मेडिकल मिळालं, फॅमिली व्हिसा मिळाला. उत्तरा आणि दोन वर्षांची देविका मस्कतला आल्या त्या त्यामुळेच. अर्बाब, म्हणजे मालक, मोठा झाला की खालच्यांचंही भलं होतं, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी दोन किलो पेढे घेतले आणि मॉलच्या प्लांटरूममध्ये वाटले. माझा फोरमन नूरुद्दीन हैदराबादचा आहे, त्याने दोन उचलले.

"मुबारक हो, चंदरभाई. बेटी का प्रमोशन?"

"बेटी के कॉलेज का."

"एक ही बात है," तो म्हणाला, आणि मलाही ती एकच बात वाटली. इतका मूर्खपणा मी आयुष्यात दुसरा केलेला नाही.

मार्चमध्ये एका गुरुवारी संध्याकाळी देविकाचा फोन आला. तिचं मराठी अडखळत चालतं, इथल्या शाळेत सगळं इंग्रजीच.

"बाबा, दे कट अस."

"कोणाला लागलं? कुठे कापलं?"

"नाही बाबा. टीम. स्विमिंग टीम बंद. पुढच्या वर्षी टीमच नाही."

नव्या गटातलं एक कॉलेज अटलांटिकच्या काठावर आहे, एक पॅसिफिकच्या. जिथे बसने जायचे तिथे आता सगळ्यांना विमानाने जायचं. फुटबॉलच्या खेळाडूंनाही आता पैसे द्यावे लागतात. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे, मोठ्या गटात घ्यावं म्हणून कॉलेजने पहिली सहा वर्षं टीव्हीच्या पैशातला आपला बराचसा वाटा सोडून दिला होता. म्हणजे ज्या पैशासाठी आमचा देव पाण्यात बसला, तो यायचाच नव्हता. नोकरीचा पत्ता नसलेल्या 'फ्री व्हिसा'साठी एजंटला घर विकून पैसे देणारे गाववाले मी पाहिलेत. अमेरिकेतली एवढी शिकलेली माणसं तेच करतील असं मला वाटलं नव्हतं.

"आणि शिष्यवृत्ती?" मी विचारलं.

"जूनपर्यंत आहे. मग नाही. दुसऱ्या कॉलेजने घेतलं तर... बाबा, मी सगळ्यांना मेल करतेय. पण सगळीकडे जागा कमी केल्यात. माझ्यासारख्या खूप आहेत."

तिची दोन वर्षं होत आली होती, दोन बाकी होती. तिथली फी भरायची तर मी दोन जन्म चिलर दुरुस्त केले तरी पुरे पडायचं नाही. दुसऱ्या कॉलेजने पोहण्यासाठी घेतलं तर ती शिकेल. नाही घेतलं तर अर्धी पदवी घेऊन परत येईल. इतकं साधं होतं ते. फोन ठेवल्यावर उत्तरा देव्हाऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मीच मागितलं होतं," ती म्हणाली. "त्याने दिलं."

मी तिला म्हणालो की असं काही नसतं. पण माझा आवाज मलाच खोटा वाटला.

मला हात जोडून बसता येत नाही. मशीन बंद पडलं की आधी कारण शोधायचं, हे मी चोवीस वर्षं केलंय. कॉलेजचं निवेदन मी पाच वेळा वाचलं. त्यात एक ओळ होती: तरणतलावाच्या देखभालीचा वाढता खर्च. मला वाटलं, सापडलं. देविकाने पाठवलेल्या फोटोंत पूलच्या शेजारीच फुटबॉलवाल्यांची भलीमोठी व्यायामशाळा दिसत होती. तिचा एसी सगळी उष्णता बाहेर फेकत असणार आणि शेजारी पूलचं पाणी तापवायला गॅस जळत असणार. ती उष्णता पाइपने पूलला द्या, खर्च निम्म्यावर येतो. हे आमच्याकडचं पोरगंही सांगेल.

सुट्टीचे तीन शुक्रवार बसून मी अकरा पानांचा अहवाल लिहिला. आमच्या ड्रॉइंग सेक्शनच्या झुबेरने आकृत्या काढून दिल्या, त्याचे पैसे घेतले नाहीत. शेवटी मी लिहिलं की मी माझ्या वार्षिक सुट्टीत स्वखर्चाने येऊन हे काम उभं करून देईन, मला फक्त राहायला जागा द्या. पाठवताना मला खरंच वाटत होतं की हे वाचून तिथे कोणीतरी खुर्चीतून उठेल.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'प्रिय साळिंदर परिवार, आपल्या प्रेमाबद्दल आभार. नव्या कॉन्फरन्सच्या ऐतिहासिक पहिल्या मोसमाची फुटबॉल तिकिटं आपल्याला दहा टक्के सवलतीत उपलब्ध आहेत.' खाली साळिंदराचं चित्र होतं, काटे फुलवून हसणारं. मी ते मेल उत्तराला दाखवलं नाही.

मग पालकांची शेवटची सभा झाली, तीही ऑनलाइन. खेळविभागाचा प्रमुख सभ्य माणूस होता. माझा नंबर आला तेव्हा मी विचारलं, हा निर्णय नक्की कोणी घेतला? तो म्हणाला, कॉलेजच्या संचालक मंडळाने. मंडळाने का घेतला? कॉन्फरन्सच्या अटींमुळे. कॉन्फरन्सने अटी का घातल्या? टीव्हीच्या करारामुळे. त्याने माझे आभार मानले आणि पुढच्या पालकाचं नाव घेतलं.

दुसऱ्या दिवशी हे मी नूरुद्दीनला सांगितलं. तो पाना पुसत ऐकत होता. इथे कसंही झालं तरी शेवटी निर्णय घेणारा एक माणूस असतो. त्याच्या मजलिसमध्ये, म्हणजे बैठकीच्या खोलीत, जाऊन बसता येतं, कॉफी पिता येते, खजूर तोंडात टाकून आपलं रडगाणं सांगता येतं. तो नाही म्हणाला तरी तोंडावर म्हणतो.

"तो फिर उधर अर्बाब कौन है?" नूरुद्दीनने विचारलं.

"कोई नहीं है."

"ऐसा कैसे? काट तो किसीने दिया ना?"

चिलर नंबर तीनचा अलार्म वाजायला लागला, आम्ही दोघं तिकडे गेलो.

मे महिन्यात एका सकाळी मीच गणपती पाण्यात ठेवला. उत्तराने ठेवायला साफ नकार दिला होता. आपण मागतो एक आणि होतं भलतंच, आता मी तोंड उघडणार नाही, असं तिचं म्हणणं. मी मात्र मागणं कागदावर लिहून काढलं, वर्क ऑर्डर लिहितात तसं, कुठे फट राहायला नको म्हणून. एका कॉलेजने, जूनअखेर, पोहण्यासाठी, पूर्ण शिष्यवृत्तीसह देविकाला घ्यावं. कागद पातेल्याखाली ठेवला. रोज सकाळी पाणी बदलत होतो. उत्तरा लांबून बघत होती.

एकतीस कॉलेजांना देविकाने लिहिलं. नऊ जणांची उत्तरं आली, नऊही नकार. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती आली. विमानतळावर तिने मला मिठी मारली तेव्हा तिचे खांदे तसेच होते, रुंद, पोहणाऱ्याचे. घरी आल्यावर पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्यावरच्या पातेल्यासमोर थांबली.

"बाबा, गणपती पाण्यात का आहे?"

मी सांगितलं. उत्तराने मग न विचारता आपलंही सांगून टाकलं, डिसेंबरातल्या पहाटेचं, शिऱ्यासकट. शेवटी ती म्हणाली, "माझ्यामुळे झालं गं हे."

देविका आधी हसली. मग हसता हसता ओट्याला टेकून खाली बसली.

"आई, आम्ही पण होतो त्या मॅचला. अख्खी स्विमिंग टीम. तोंडं रंगवून, बर्फात. चार तास ओरडत होतो. माझा आवाज दोन दिवस बसला होता. तो गोल झाला ना, तेव्हा मी रडले. आनंदाने." तिने डोळे पुसले. "आम्हीच सगळ्यात जास्त ओरडलो."

मग ती उठली, बाही वर करून हात पातेल्यात घातला आणि गणपती बाहेर काढला. ओट्याजवळच्या टॉवेलने त्याला पुसला, कानांच्या मागे, सोंडेखाली, आपण अंघोळीनंतर लहान मुलाला पुसतो तसा.

"खलास, बाबा," ती म्हणाली. "बिचारा किती दिवस पाण्यात आहे." आणि त्याला देव्हाऱ्यात ठेवून ती झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला मला जाग आली. गजराची गरज नव्हती. देविका आठ वर्षांची असल्यापासून ती शाळा संपवेपर्यंत मी रोज सव्वाचारला उठत होतो, माबेलाहून बौशरच्या पूलवर तिला सोडायला. ती मागच्या सीटवर झोपायची, मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने चहाचा थर्मास उघडायचो. ती पोहत असताना गाडीतच डबा खायचो आणि तिला शाळेत सोडून कामावर जायचो. दहा वर्षं हेच केलं. मला त्याचा कधी कंटाळा आला नाही.

हॉलमध्ये आलो तर ती सोफ्यावर जागी बसली होती. तिलाही त्याच वेळी जाग आली होती. मी किल्ली उचलली.

"चल," मी म्हणालो. "बौशरला जाऊ. पूल पाचला उघडतो अजून."

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. तिला खरंच विचारायचं होतं.

"कशासाठी, बाबा?"

मी किल्ली हातात धरून उभा राहिलो. चोवीस वर्षांत मी एकाही बंद मशीनसमोर इतका वेळ नुसता उभा राहिलेलो नाही.