कॉम्प्युटरने मागितलं गोडं पाणी

पळीतलं हँडवॉश पाण्यासारखं घळाघळा टाकीत पडलं आणि भाविनीने घड्याळाकडे बघितलं. बारा वाजता गिऱ्हाईक येणार. माल पातळ निघाला तर तलासरीच्या या लहानशा कारखान्यातली तिची कच्ची नोकरी आजच संपणार, असं मालक जतीनशेठ काल तोंडावर सांगून गेले होते.

मीठ घातलं की हा द्रव घट्ट होतो. प्रमाणाबाहेर गेलं की उलट पातळ. नेमकं किती, हे तिने कॉम्प्युटरवर शंभरदा माल बनवून बघितलं होतं. तिथे तो मधासारखा होता.

"नारूकाका, खरं सांगा. मूठभर जास्त टाकलंत ना?" तिने पळी धरलेल्या जुन्या कारागिराला विचारलं. ती येण्याआधी सगळा माल तोच हाताच्या अंदाजाने बनवायचा.

"नातीची शपथ, पोरी. तुझ्या चिठ्ठीबाहेर चिमूटभर नाही." नारूने पळी टाकीच्या काठावर ठेवली. "टँकरचं पाणी मात्र मचूळ, खारट होतं. सकाळी चूळ भरली तेव्हाच कळलं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"तू विचारलंस कुठे? तुझं आपलं मीठ, मीठ, मीठ."

ती टँकरच्या उरल्या पाण्याकडे वळली. समुद्रकाठच्या धाकट्या डहाणूची पोर ती. खारी विहीर कुठली नि गोडी कुठली, हे बोलायच्या आधी शिकलेली. आणि कॉम्प्युटरला मात्र तिने पाणी म्हणजे नुसतं पाणी असंच सांगून ठेवलं होतं! पाण्यात आधीच असलेलं मीठ हिशेबात आलंच नव्हतं.

त्यात खारेपणा मोजायचा मीटर बुडवून तिने आकडा कॉम्प्युटरमध्ये भरला. उत्तर आलं : थोडा माल काढा, गोडं पाणी घाला.

"पातळात पाणी?" नारू हसला. "अशाने आमटी वाढते गं, घट्ट नाही होत."

"पाया पडते काका. पिण्याच्या पाण्याचे जार आणा."

एक पिंप माल काढून पहिला जार ओतला. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसरा, चौथा. तीच गत. पाचव्याला टाकी ढवळणारी मोटर जड आवाजात घुमू लागली. नारूने पळी उचलली. धार तुटेना.

"प्यायचं पाणी टाकीत?" दारात जतीनशेठ उभे. "कोणाची चूक?"

"माझी. पाणी तपासलं नाही मी."

"मग भाविनीबेन, बंद करा तो कॉम्प्युटर. उद्यापासून नारू हातानेच करेल."

नारूने पळी खाली ठेवली नाही. "शेठ, माझ्या हातावर असतं तर आज मी अजून दोन मुठी मीठ टाकलं असतं आणि मालाचं पार पाणी केलं असतं."

शेठांनी त्या लोंबत्या धारेखाली बोट धरलं. "राहू द्या तो कॉम्प्युटर."