पायथ्याचा थर

"आई, इथे सावलीत टेका," असं म्हणत सुनेनं सासूचा हात धरून तिला कड्याच्या पायथ्याशी बसवलं. पाठीला माती लागू नये म्हणून मागचा दगड ओढणीनं पुसायला घेतला.

वर भूगर्भ अभ्यासणाऱ्या पथकाचे सर दोराला लटकून पितळी खिळ्यासाठी भोक पाडत होते. पृथ्वीच्या वयाचे तुकडे पाडून ठेवलेत शहाण्यांनी. कुठल्या काळाला मुलखाचं नाव, कुठल्याला नामशेष झालेल्या टोळीचं, एकाला तर चक्क खडूचं! पण नुसतं बारसं करून भागत नाही. काळ कुठे सुरू होतो, ते एखाद्या कड्यावर खिळा ठोकून दाखवावं लागतं. ठरलेल्या जातीचा, दगड झालेला शिंपला सगळ्यात खालच्या ज्या थरात सापडेल, तिथे खिळा. इथला शिंपला सुनेच्या नवऱ्यानं शोधला होता, पार वरच्या कपारीत. तो काढताना दोर तुटला आणि नवरा इथे पडून गेला.

नंतर पथकानं अख्खा कडा पिंजून काढला. या कोपऱ्याला मात्र कुणी हातोडी लावली नाही. धीरच झाला नाही कुणाचा. सूनही पथकातलीच, पण या कोपऱ्यात आज आली ती सासूनं हट्ट धरला म्हणून.

पुसता पुसता तिचा हात थबकला. गळ्यातलं भिंग तिनं डोळ्याला लावलं. कड्याच्याच थरात घट्ट रुतलेला तोच शिंपला, तीच दुमडलेली कड.

"काय गं? चेहरा का उतरला?" सासूनं विचारलं.

"काही नाही."

"मला नको शिकवूस. बोल."

खोटं बोलायला तिची जीभ रेटेना. "त्याला वर सापडला ना, तोच शिंपला. इथे खालीसुद्धा आहे."

सासूनं त्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ फिरवत राहिली.

"म्हणजे माझ्या लेकाला वर चढायची गरजच नव्हती?"

सुनेनं भिंग खाली सोडलं. होय म्हणायचं तरी कुठल्या तोंडानं?

वरून सरांची हाक आली. पहिला घाव सुनेनं सांगितल्यावरच घालायचा, असं पथकानं ठरवलं होतं. "ठोकू का गं?"

सासू मागे सरकली आणि शिंपल्यावर पाठ टेकून बसली. तिनं सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही.

"ठोका," सून म्हणाली.

"काय? ऐकू नाही आलं!"

"ठोका, सर!" ती ओरडली.