विमलच्या डोळ्यातला जिना

मंगळवारी सकाळी फौंड्रीतल्या ग्राइंडरवरची एक ठिणगी विमल मगदूमच्या डाव्या डोळ्यात शिरली आणि विझलीच नाही. गॉगल कपाळावर होता. काचेवर इतके चरे पडले होते की तो लावला तर ओतीव लोखंडाच्या कास्टिंगची कडच दिसायची नाही. दुखलं काही नाही. डोळा नुसता उबदार झाला.

फोरमन आवळे बॅटरी घेऊन धावत आले. डोळ्यात वाकून बघितलं आणि बॅटरी बंद केली. तिची गरज नव्हती.

"वैनी, हलू नका. आत जिना हाय."

"कुटं जातोय?"

"खाली."

बारा वर्षं विमल त्याच डोळ्यानं कडा तपासत आली होती. त्यात जिना आहे हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

दवाखान्यात नेताना डावीकडची उसाची रानं तिला दिसेनाशी झाली. उजेड सगळा आतच लागत होता. डॉक्टर पटवेगार बाई यंत्राला डोळा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"जिन्याखाली खोली आहे," त्या म्हणाल्या. "मी बघायला लागल्यापासून लांबच होत चाललीय. ठिणगी छताला लटकलीय."

"निघंल का?"

"चुंबकानं निघेल. मग आत अंधार होईल, तुम्हाला बाहेरचं दिसेल."

"आणि न्हाई काढली तर?"

"उजव्या डोळ्यातला उजेडही तिकडे जाईल. संध्याकाळपर्यंत."

विमलला सासूबाई आठवल्या. त्यांना रोज इन्शुलिन तीच टोचायची. सिरिंजवरच्या बारीक रेघा घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हत्या.

"काढा," ती म्हणाली. "पण आधी मला बघू द्या. आवळेसायबांनी बघितलं, तुमी बघितलं. डोळा माझा, नि मीच ऱ्हायले."

बाईंनी आरसा दिला. विमल उजव्या डोळ्यानं डाव्यात बघू लागली. पायऱ्या नुकत्याच झाडल्यासारख्या स्वच्छ होत्या. खाली लांबलचक खोली आणि पार टोकाला एक बंद दार. दाराला या बाजूनं कडी नव्हती. ते कुठे उघडत असेल, याचा ती विचार करू लागली. गालाशी चुंबकाचा गार स्पर्श झाला.

"झालं का बघून?"

"थांबा वाईच."

दार पलीकडून उघडलं. उंबऱ्यात एक बाई उभी राहिली आणि ठिणगीच्या उजेडापुढे डोळ्यांवर हात आडवा धरून वर, विमलकडे, बघू लागली.