हॉर्न न वाजवता

इटलीला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात एकच वाद होता, बस की गाडी. आमचे हे, म्हणजे नागेशराव, दुबईजवळच्या रास अल खैमातल्या टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर सुपरवायझर. दोन हजार तीन साली कंपनी त्यांना नव्या मशीनच्या ट्रेनिंगला इटलीला पाठवणार होती आणि ट्रेनिंग संपल्यावर दहा दिवसांसाठी मीही जाणार होते. त्यांना हवी होती मुंबईच्या टूरवाल्यांची बस, रोज वरणभात आणि पन्नास मराठी चेहरे. मला भाड्याची गाडी घेऊन स्वतः चालवायची होती. टूरवाल्यांना शनिवारपर्यंत कळवायचं होतं.

गाडी चालवण्यात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मीच सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही. लायसन्स मला दुसऱ्या टेस्टला मिळालं, यांना सातव्या. अकरा वर्षं मी इथल्या रस्त्यांवर आहे. मागून लँड क्रूझरवाला दिवे मारत अंगावर आला तरी मी गडबडत नाही. हे मात्र शेजारी बसून वरचं हँडल घट्ट धरून ठेवतात.

शेवटी तोडगा त्यांनीच काढला. मशीन बसवायला फाउस्टो नावाचा इटालियन इंजिनियर आला होता. साठीचा, सडपातळ, तोंडाने फटकळ.

"गुरुवारी संध्याकाळी तो तुझ्या शेजारी बसेल," हे म्हणाले. "तो ओके म्हणाला तर बस कॅन्सल. खलास."

"यल्ला, चला तर," मी म्हटलं.

गुरुवारी फाउस्टो पुढे बसला, हे मागे. फाउस्टो बोलायचा इंग्रजीत, पण तोंडापेक्षा हातांनीच जास्त. तिकडे मागून कोणी दिवे मारले तर चिडायचं नाही, मुकाट्याने उजवीकडे सरकायचं. टोलनाक्यावर मिळालेलं तिकीट जपून ठेवायचं. जुन्या गावाच्या वेशीवर बंदीची पाटी दिसली की गाडी बाहेरच लावायची, आत फक्त गावकऱ्यांच्या गाड्या. दुपारी पंपावरचा माणूस जेवायला जातो, तेव्हा पेट्रोल आपलं आपण भरायचं. मी ऐकत होते आणि एकामागून एक राउंडअबाउट पार करत होते.

"तू छान चालवतेस," तो म्हणाला. "मग तुझा नवरा मागे बसून देवाचं नाव का घेतोय?"

मी आरशातून मागे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते.

परीक्षा पास झाले असं समजून मी चहा पाजायचा ठरवला. कारखान्याच्या रस्त्यावरच्या कॅफेटेरियासमोर गाडी उभी केली आणि तीन आखूड हॉर्न दिले. तीन हॉर्न म्हणजे तीन चहा. आखातात राहिलेल्या कुणालाही यात वावगं वाटणार नाही. एसी चालू, काच वर, हॉर्न द्यायचा, माणूस ट्रे घेऊन येतो.

फाउस्टोने कपाळाला हात लावला. "माझ्या गावात असं केलंस तर बायका वरून पाणी ओततील. तिकडे गाडीपाशी कोणी येत नाही. उतरायचं, आत जायचं, काउंटरला उभं राहून कॉफी प्यायची, चार शब्द बोलायचे. ते जमत नसेल तर बसनेच जा."

मला राग आला. "त्यात न जमण्यासारखं काय आहे?" असं म्हणून मी दार उघडलं आणि उतरले.

आत पाऊल टाकलं आणि सगळं बोलणं थांबलं. शिफ्ट सुटलेले वीसेक पुरुष, अंगावर कारखान्याचे निळे कपडे, हातात चहा नाहीतर पराठा. बाई एकही नाही. मला वाट द्यायला ते भिंतीला चिकटले, तेव्हा मला आणखीच अवघडल्यासारखं झालं. अकरा वर्षांत मी ही जागा आतून पाहिलीच नव्हती. माझ्या खिडकीशी ट्रे घेऊन येणारा माणूस काउंटरमागे तीन कप भरत होता.

"मॅडम, आप गाडी में बैठो," तो गडबडून म्हणाला. "मैं लाता है. चीनी कम, मालूम है."

"यहीं पिऊंगी," मी म्हटलं.

त्याने कप पुढे केला. आता चार शब्द बोलायचे होते आणि मला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्या हातचा चहा प्यायला, त्याला आता नाव कोणत्या तोंडाने विचारायचं? मी चहावर फुंकर घालत राहिले.

तेवढ्यात मागून ओळखीचा आवाज आला. "यूनुसभाई, बेटी का रिझल्ट आया क्या?"

हे उतरून आले होते. त्या माणसाचा चेहरा खुलला. "फर्स्ट क्लास, नागेशभाई. नर्सिंग में जाएगी, इन्शाल्ला."

पुन्हा बोलणं सुरू झालं. कोणी यांच्या पाठीवर थाप मारली, कोणी सरकून जागा दिली, राजापूरकडचा एक जण "वहिनी काय?" म्हणून हसला. मी इथे येण्याआधी सहा वर्षं हे कामगारांच्या कॅम्पात एकटे राहत होते आणि सकाळ-संध्याकाळ याच काउंटरला उभे असायचे. एवढं मला माहीत होतं, पण त्या दिवसांबद्दल मी कधी विचारलं नव्हतं. ज्या माणसाला मी घरात भित्रा म्हणत आले, त्याच्याभोवती इथे अर्धं दुकान जमलं होतं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज, दोन्ही एकदम.

"बसवाल्यांना उद्या नाही म्हणून कळवतो," हे हळूच म्हणाले. "गाडी तू चालव. उतरून बोलायचं काम माझ्याकडे."

"नाही," मी म्हटलं. "मीही उतरणार. तुम्ही सुरुवात करून द्या."

आणि सुरुवात इथेच करायची म्हणून मी काउंटरकडे वळले. "यूनुसभाई, मेरा नाम प्रज्ञा है."

त्याने हातातलं फडकं खाली ठेवलं.

"मालूम है," तो म्हणाला. "आपका वीजा लगा, उस दिन नागेशभाई ने पूरा कॅम्प को चाय पिलाया था. सबको आपका नाम बताया था."